मुका मार

गावात अजून सांगतात, म्हाताऱ्यानं फायनल घालवली. घालवली. मी कुठं नाही म्हणतो? पण कशी घालवली, काहून घालवली, हे सांगायची कुणाला फुरसत नाही. मी चहाच्या टपरीकडं येताना दिसलो की गप्प होतात, पाठ फिरवली की पुन्हा सुरू. म्हणून मीच लिहायला बसलो. माझी शाळा चौथीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडून सांभाळलं जात नाही. ज्याला चुका काढायच्या त्यानं खुशाल काढाव्यात, पण आधी शेवटपर्यंत वाचावं.

आमच्याकडं मार दोन जातीचा. एक रक्ताचा आणि एक मुका. रक्ताच्या मारात कातडी फाटते, कपडे लाल होतात, बाया ओरडतात, कुणीतरी गाडी काढतं आणि माणूस दवाखान्यात पोचतो. मुक्या मारात वरून काही दिसत नाही. फार तर टेंगूळ येतं, जागा काळीनिळी पडते. तो बोलत नाही म्हणून मुका. आणि बोलत नाही म्हणून त्याला गाडी नाही, दवाखाना नाही. त्याला हळद.

आमचा सगळा मुलूख हळदीचा. आमचं गाव कुरुंद्याच्या वाटेवर. गावाबाहेर मोठं मोकळं मैदान आहे, तिथं शिजवलेली हळद वाळत घालतात. हळद उचलून झाली की त्याच मैदानावर फुटबॉलच्या मॅची लागतात. सुरुवातीला बॉल पिवळा, गुडघे पिवळे, जो पडेल त्याचं तोंड पिवळं. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा आला की हसतो, म्हणतो दोन्ही टीमचं आजच लग्न आहे का. जमीन मात्र उन्हानं तापून अशी कडक झालेली असते की टिकाव मारला तर ठिणगी उडावी.

माझी नात मुलींच्या टीमची कॅप्टन. बॅक खेळते. गावातल्या शाळेच्या सरांनी ही टीम उभी केली, तेव्हा निम्मं गाव नाक मुरडत होतं. मी मुरडलं नाही. मी रोज खुर्ची घेऊन प्रॅक्टिसला जायचो. डोक्यानं बॉल कसा मारायचा, मान कशी ताठ ठेवायची, हे तिला मीच दाखवलं. तेव्हा कुणी असं समजू नये की मी खेळाचा वैरी आहे. फुटबॉल मला जेवणाइतका लागतो. आता गुडघे गेले तर मी मोबाईलवर परदेशाच्या मॅची बघतो, सुनेला तकलीफ होते तरी बघतो.

त्या वर्षी सेमीफायनल शिरड शहापूरकडच्या पोरींबरोबर होती. आम्ही एका गोलनं पुढं होतो. त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला. माझी नात उडाली, त्यांची एक धिप्पाड पोरगी उडाली, आणि बॉल दोघींना चुकवून मागं निघून गेला. डोकं डोक्यावर आदळलं. मी पार लाईनीच्या बाहेर बसलेलो, तरी आवाज माझ्यापर्यंत आला. कोरडा, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा.

त्या पोरीची भुवई फुटली. रक्ताची धार लागली. सगळं मैदान तिच्याकडं धावलं. कुणी दस्ती बांधली, कुणी पाणी आणलं, मॅची भरवणाऱ्या मंडळाची जीप आली, पोरीला घालून वसमतला पळाली. चार टाके पडले आणि ती बरी झाली, हे आम्हाला नंतर कळलं.

माझी नात तिथंच बाजूला पडलेली. रक्त नव्हतं, म्हणून तिच्याकडं बघायला कुणी नव्हतं. मी उठून पोचेपर्यंत एकानं कांदा फोडून तिच्या नाकाला लावला. ती उठून बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी विचारलं, "ठीक हैस ना बाळा?"

"हो सर."

रेफ्रीनं शिट्टी मारली. मॅच चालू.

मी परत येऊन बसलो, पण माझा डोळा बॉलवर नव्हता. ती उभी होती आपल्याच गोलकडं तोंड करून. गोलकीपर पोरीनं तिला खांद्याला धरून फिरवलं. बघणारे हसले. मी हसलो नाही.

आम्ही जिंकलो. पोरी नाचत घरी आल्या. वाटेत नात मला म्हणाली, "आबा, कितीनं जिंकलो?"

"एका गोलनं, माय."

हापशावर पाय धुताना म्हणाली, "आबा, कितीनं जिंकलो?" मला वाटलं थट्टा करते. मी पुन्हा सांगितलं. मग सुनेनं चहा आणला. नातीनं कप हातात घेतला, फुंकर मारली आणि म्हणाली, "आबा, कितीनं जिंकलो आपण?" तोच आवाज, तीच ढब. सून कपाकडं बघायची सोडून माझ्याकडं बघायला लागली.

मग हळद आली. शेजारची बाई भिंतीपलीकडून उभी राहून सांगत होती आणि सून चुलीपुढं हळद-चुना गरम करत होती. मी म्हणालो, "तो लेप ठेव बाजूला. हाडाच्या आत हळद जात न्हाई."

शेजारीण म्हणाली, "घ्या. जन्मभर हळद पिकवून खाल्ली अन् म्हातारपणी हळदीलाच नावं ठेवून राहिले."

"मी कुठं नावं ठेवली? गुडघ्याला लाव, पाठीला लाव, नवरीला लाव. डोक्याच्या आत कशी लावशील तेवढं सांग."

"आधी तुमच्याच डोक्यात लावायला पायजे, मामा," ती म्हणाली. सुनेला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. पण लेप तिनं लावलाच. नात पिवळं कपाळ घेऊन झोपली, आणि सकाळी उठल्यावर उजेड सहन होत नाही म्हणून डोळ्यांवर हात धरून बसली.

मला हे कुणी शिकवलं, असं लोक विचारतात. डॉक्टरकी शिकलास का म्हणतात. मला शिकवलं माझ्या शेजारच्या ओसरीनं. तिथं माझा जोडीदार बसलेला असतो.

आम्ही दोघं एका वयाचे. आमच्या लहानपणी गावचा एक माणूस सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात कामाला होता. तो सुटीवर येताना चामड्याचा बॉल घेऊन आला. आम्ही हुतूतू आणि आट्यापाट्या खेळणारी पोरं, बॉल बघून येडे झालो. मी पुढं खेळायचो, पायानं. जोडीदार मागं खेळायचा आणि त्याचं सगळं काम डोक्यानं. त्या वेळचा बॉल आजच्यासारखा हलका नव्हता. वरून वादीनं शिवलेला, आणि दवानं किंवा पाण्यानं ओला झाला की वरवंट्यासारखा जड. तो वरवंटा आभाळातून यायचा आणि माझा जोडीदार त्याच्याखाली कपाळ धरून उभा राहायचा. कपाळावर वादीचा ठसा उमटायचा. त्याला बघायला लोक शिवारातली कामं टाकून यायचे. कधी कधी मॅच झाल्यावर तो बाभळीमागं जाऊन उलटी करायचा. आम्ही म्हणायचो, ऊन लागलं. गूळ-पाणी द्यायचो. आम्हाला सगळ्यांना तेवढंच कळत होतं.

आता तो रोज सकाळी ओसरीवर येऊन मला विचारतो, "गड्या, टीम निघाली का?" पोटच्या पोराला तो तलाठीसाहेब म्हणतो. मागच्या अंगणात गेला तर परत यायची वाट त्याला सापडत नाही, हाताला धरून आणावं लागतं.

डॉक्टर म्हणतात वयानं होतं. असेल. पण वय माझंही तेवढंच आहे. तंबाखू मी जास्त खाल्ली, ऊन मी जास्त खाल्लं. फरक इतकाच की बॉल मी पायानं मारला आणि त्यानं डोक्यानं. लोक म्हणतात, सिद्ध कर. मी कुठून सिद्ध करू? मला फक्त दिसतं. आणि दिसलेलं मी न दिसल्यासारखं करणार नाही.

तर दुसऱ्या दिवशी मी नातीला एसटीत घालून हिंगोलीला नेलं. माझं पोरगं म्हणालं, "दादा, काहून उगी धावाधाव करता? ती बरी हाय." मी पिशवी उचलली. डॉक्टर तरुण होता. त्यानं तिला एका रेषेवर चालायला लावलं, बोट डोळ्यासमोर फिरवलं, डोक्याचा मोठा फोटो काढायला पाठवलं. फोटो बघून म्हणाला, "आजोबा, आत रक्तस्राव नाही. फोटो चांगला आहे."

नातीनं लगेच विचारलं, "मग मी फायनल खेळू ना?"

"नाही."

"फोटो नॉर्मल आहे म्हणालात ना तुम्ही."

"फोटोत न दिसणारा मारही असतो," डॉक्टर म्हणाला. "डोकं दुखायचं, गरगरायचं पूर्ण थांबल्याशिवाय बॉल नाही. पहिला मार बरा व्हायच्या आत त्याच्यावर दुसरा बसला, तर मग फोटोतही दिसेल आणि माझ्या हातात काही राहणार नाही."

"रविवारी फायनल आहे डॉक्टर. जिल्ह्याच्या टीमचे निवडीवाले येणार आहेत."

"फायनल पुढच्या वर्षीही असते."

परत येताना एसटीत तिनं सरांना फोन लावला. म्हणाली, "सर, फोटो नॉर्मल आला." आणि थांबली. तिकडून सर काहीतरी बोलले, ती हो हो म्हणाली, फोन ठेवला.

मी म्हणालो, "पुढचं सांगितलं न्हाईस."

"कुठलं पुढचं?"

ती लपवत होती की विसरली होती, हे मला त्या गाडीत कळलं नाही.

मी उतरल्यावर तसाच शाळेत गेलो आणि सरांना सगळं सांगितलं. सर माणूस वाईट नाही. स्वतःच्या दुचाकीवर पोरींना आणतो-सोडतो, कुणाचे आईबाप नाही म्हणाले तर त्यांच्या दारात बसून राहतो. पण त्याच्या अंगात फायनल शिरलेली. म्हणाला, "आजोबा, डॉक्टर सगळ्यांनाच आराम सांगतात. फोटो नॉर्मल आहे. शेवटी तिलाच विचारू ना आपण."

"जिचं डोकं हललंय तिलाच विचारता व्हय? दारू प्यालेल्याला विचारून बघा, तोबी म्हणतो मी बराबर हाय."

सर हसले नाहीत. पण तिला बाहेर बसवतो असंही म्हणाले नाहीत.

घरी त्या संध्याकाळी चांगलंच वाजलं. पोरगं म्हणालं, "दादा, पोरीचं आयुष्य हाय हे. एवढी निवड झाली की खेळातून नोकरी लागते. तुमी मधी पडू नका."

नात भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. डोळे न उघडता म्हणाली, "आबा, तुमचा जोडीदार विसरभोळा झाला म्हणून मला घरात बसवून राहिले का तुमी?"

"व्हय," मी म्हणालो. "त्याच्याचसाठी."

"माझं डोकं हाय."

"तुझं हाय म्हणूनच म्हणतो. माझं असतं तर आपटू दिलं असतं."

"हेड मारायला कुणी शिकवलं मला?"

"मी. अन् आता बस म्हणायचा हक बी माझाच."

"मी खेळणार," ती म्हणाली. तिचा हट्ट बघून सून माझ्याकडं बोट करून पोराला म्हणाली, "कुणावर गेली ते विचारू नका." मला अभिमान वाटला आणि तिच्या कानाखाली द्यावीशीही वाटली. दोन्ही एकदम.

आता रविवार. फायनल हिंगोलीच्या टीमबरोबर. मंडप, लाऊडस्पीकर, खुर्च्यांवर पाहुणे, निवडीवाले टोपी घालून बसलेले. आमच्याकडं एक रीत आहे. गोलच्या खांबाला नारळ फुटल्याशिवाय कुणी खेळाडू आत पाय ठेवत नाही, आणि तो नारळ फोडायचा मान गावच्या पहिल्या टीममधल्या माणसाचा. पहिल्या टीमचे आम्ही दोघंच उरलो होतो. जोडीदाराला काही कळत नाही, म्हणून दर वर्षी मीच फोडायचो. लाऊडस्पीकरवर माझ्या नावाचा पुकारा झाला. मी गेलो. मंडळाच्या अध्यक्षानं नारळ माझ्या हातात दिला. नात कॅप्टनची पट्टी बांधून लाईनीत पहिली उभी होती, उन्हात डोळे बारीक करून.

मी नारळ काखेत धरला आणि खांबाला टेकून उभा राहिलो.

अध्यक्ष म्हणाला, "फोडा काका. पावणे ताटकळले."

"फोडतो. आधी कॅप्टनला बाहेर बसवा."

त्याला वाटलं मी गंमत करतो. मग नाही वाटलं. तो माझ्या कानाशी आला. "काका, सगळ्यांसमोर शोभतं का हे? फोटो नॉर्मल हाय तिचा."

"डॉक्टरनं खेळू नको म्हटलंय. सरांना विचार."

त्यानं सरांकडं बघितलं. सरांनी बुटाची नाडी बांधायला घेतली.

रेफ्री हिंगोलीचा होता. तो घड्याळ दाखवत आला. "चाचा, टाइम हो गया. धूप बढ रही है."

"तुमी बसा सावलीत, चाचा काही कुठं जात न्हाई."

मागून एकजण ओरडला, "आबा, डोकं नातीचं दुखून राहिलं का तुमचं?" दुसरा म्हणाला, "नारळ चटणीला घरी न्यायचा हाय वाटतं." सगळे हसले. हिंगोलीच्या पोरीही हसल्या. मला लाज वाटली नाही. ज्याच्या मागं शंभर माणसं असतात त्याला काय, कुणीही बोलतं.

मी तो नारळ अध्यक्षाच्या कानाला लावून हलवला. "काय वाजून राहिलं?"

"पाणी."

"वरून कुठं तडा दिसतो का?"

"न्हाई दिसत."

"मग? आत हललेलं वरून दिसत न्हाई. डोक्याचं बी तसंच हाय."

अध्यक्ष म्हणाला, "काका, पण नारळ तर आपण फोडायलाच आणला हाय." माणसं खो खो हसली. तोंडाचा तो तेज आहे, म्हणूनच अध्यक्ष आहे. मी नारळ पुन्हा काखेत धरला.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की पहिल्या टीमचा दुसरा माणूस जिवंत आहे. दोघं धावत जाऊन माझ्या जोडीदाराला घेऊन आले. नवा सदरा घातलेला, टोपी घातलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या तसा तो फुलला. टाळ्या त्याला अजून कळतात. कुणीतरी दुकानातून दुसरा नारळ आणला आणि त्याच्या हातात दिला. अध्यक्ष मला ऐकू जाईल असं म्हणाला, "रीत कुणा एकावाचून अडत न्हाई."

जोडीदारानं नारळ दोन्ही हातांनी धरला. त्याला फिरवून बघितलं. मग गोलकडं बघितलं, लाईनीत उभ्या पोरींकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं जे मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. त्याची पाठ सरळ झाली. एक पाय पुढं टाकला, मान ताठ केली. मला कळलं, पण माझ्या तोंडातून शब्द निघेपर्यंत त्यानं नारळ वर उडवला, डोळे उघडे ठेवले आणि कपाळ पुढं करून त्याच्याखाली उभा राहिला.

नात लाईनीतून सुटली. तिनं कसं अंतर कापलं ते कुणीच नीट बघितलं नाही. नारळ त्याच्या कपाळापासून वीतभर वर असताना तिनं दोन्ही हातांत झेलला आणि त्याच्या अंगावर आदळणार तेवढ्यात स्वतःला बाजूला फेकलं, गुडघ्यावर पडली.

लाऊडस्पीकर तेवढा खरखरत राहिला.

जोडीदारानं तिच्याकडं बघितलं. रागावला होता. "बॉल काहून धरलास? हात लागला, फाऊल हाय."

ती म्हणाली, "आजोबा, हा नारळ हाय."

"नारळ?" तो म्हणाला. "मग बॉल कुठं हाय?"

ती गुडघ्यावर तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं उठली. उठताना डोलली, सरांनी हात पुढं केला, तिनं धरला नाही. तिनं दंडावरची पट्टी काढली आणि लाईनीत शेवटी उभ्या, कधी खेळायला न मिळणाऱ्या बारक्या पोरीच्या दंडाला बांधायला लागली. ती पोरगी घाबरून म्हणाली, "ताई, मी कॅप्टन न्हाई होणार." मग नातीनं पट्टी गोलकीपरला दिली आणि बारकीला फक्त म्हणाली, "माझ्या जागेवर उभी राहा. कॉर्नरला खांब सोडू नको."

मग माझ्याकडं आली. हातातला नारळ माझ्यापुढं धरला. माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. म्हणाली, "फोडा आता."

मी दोन्ही फोडले.

आम्ही हरलो. कॉर्नरवरच गोल झाला. उंच बॉल आला, बारकीनं खांब सोडला नाही पण तिची उडीच तेवढी नव्हती. माझी नात तिथं असती तर तो बॉल काढला असता, हे मला ठाऊक आहे. माझ्याइतकं ते मैदानात कुणालाच ठाऊक नव्हतं. निवडीवाल्यांनी दुसऱ्या दोघींची नावं घेतली. नात सगळी मॅच डोक्यावर ओली दस्ती घेऊन सरांच्या दुचाकीजवळ बसली होती.

घरी आल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "तुमच्यामुळं."

"व्हय. माझ्यामुळं."

तिनं पुढं पुष्कळ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या आदळायची. सून म्हणाली, "मामा, एकदा चुकलं म्हणून टाका, पोरीचं मन हलकं होईल." मी म्हणालो, चुकलं असतं तर म्हटलं असतं. नातीचं डोकं सावकाश शांत झालं. आधी उजेडाचा त्रास गेला, मग गरगरणं गेलं. डॉक्टरनं खेळायला परवानगी दिली तेव्हाच ती मैदानावर गेली. आता ती कामापुरतं बोलते, कधी कधी त्याहून थोडं जास्त. माझ्या जोडीदाराला मात्र संध्याकाळी तीच हाताला धरून घरी आणून सोडते. मला सांगून करत नाही, मीही विचारत नाही.

ज्यांना वाटतं की म्हातारा आता पस्तावला असेल, त्यांच्यासाठी लिहितो. मी पस्तावलो नाही. उद्या तीच फायनल, तीच पोरगी, तेच पाहुणे असले तरी मी नारळ काखेतच धरीन. पोरी खेळाव्यात. आदळाव्यात, पडाव्यात, गुडघे पिवळे करून घ्याव्यात. पण रक्त आलं तरच लागलं असं मानणाऱ्या गावाशी माझं जमणार नाही. मला टपरीवर चहा कमी मिळाला तरी चालेल.

नारळाचा मान मंडळानं माझ्याकडून काढून घेतला. आता अध्यक्षाचा चुलता फोडतो, ज्यानं आयुष्यात बॉलला पाय लावला नाही. फोडू द्या. मी माझी खुर्ची घेऊन जातो, लाईनीला अगदी चिकटून बसतो. कुणाच्याही डोक्याला लागलं, आपली पोरगी असो की समोरच्या टीमची, की मी उभा राहून ओरडतो, "बाहेर." एकदा, दोनदा, ती पोरगी बाहेर येईपर्यंत. रेफ्रीनं मला दोनदा दम दिला. अध्यक्षानं खुर्ची मागं सरकवायला माणूस पाठवला, मी खुर्चीसकट मागं गेलो आणि तिथून ओरडलो. पोरांनी माझं नावच पाडलंय, बाहेर-आबा. रस्त्यानं चाललो की मागून आवाज येतो, "बाहेर."

यंदाच्या मॅचीत एक पोरगी पडली. खांबावर डोकं आदळलं, रक्त नव्हतं. मी खुर्चीचा हात धरून उठतच होतो, माझे गुडघे वेळ घेतात, तेवढ्यात सगळी पब्लिक माझ्याकडं तोंड करून, माझी नक्कल करत, एका सुरात ओरडली, "बाहेर." माझ्या जोडीदारानंही टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं गोल झाला. लोक पोट धरून हसत होते. पण एवढा गलका झाल्यावर रेफ्रीला खेळ थांबवावा लागला, आणि सर आत गेले, पोरीच्या डोळ्यात बघितलं, आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन आले. सावलीत बसवलं. माझी नात पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ गेली आणि तिला विचारायला लागली की आज वार कोणता, आपण कुणाशी खेळतो, कितीनं पुढं आहोत.

मी खाली बसलो. हसणाऱ्यांना म्हणालो, हसा. रोज हसा. असंच मोठ्यानं.